दोघांना दोनशे वीस

आज सांगून टाकायचंच, असं शिंपीण सायकलच्या दुकानाच्या पायरीपर्यंत चार वेळा मनाशी घोकत आली होती. डोंगर आपल्याला झेपत नाही, आपण आपली कालव्याकाठच्या सपाट रस्त्याने साधी सायकल चालवू. पण नवरा तिच्या आधी आत शिरला आणि भिंतीवरच्या सगळ्यांत दांडग्या सायकलवर हात ठेवून म्हणाला, हिला हीच हवी. म्हणजे बोलायच्या आधीच घोडं अडलं.

नवरा विजेच्या तारा ओढायच्या कामावर होता. आठवड्यातले सहा दिवस तो बाहेर, आणि ही शिवणयंत्रावर. रविवार तेवढा दोघांचा. चार वर्षांपूर्वी त्याने हौसेने दोन सारख्या फुल सस्पेन्शन सायकली आणल्या. पुढचं आणि मागचं, दोन्ही चाकं वर-खाली खेळतात, दगडाचा दणका सायकल खाते, माणसाला लागत नाही, असं त्याने तिला समजावलं होतं. तिला मात्र एकूण एक दगड लागायचा. चढावर ती त्याला सहज मागे टाकायची, पण उतार आला की तिची पाचावर धारण बसायची. कोपराला टाके पडले, पुढच्या दाताचा टवका उडाला. तो कधी रागावला नाही. खाली उभा राहून हाका मारायचा, "सोड ब्रेक, मी आहे ना." त्या धीर देण्यानेच तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. डोंगर सोडला तर रविवारही हातचा जाईल, या भीतीने ती चार वर्षं मूग गिळून बसली होती.

या दुकानाचा मिस्त्री एक नेम पाळायचा. जुनी सायकल तपासल्याशिवाय नवी भिंतीवरून काढायची नाही. गिऱ्हाईक स्वतःबद्दल काय वाटेल ते सांगतं, असा त्याचा अनुभव. दहातले नऊ जण कड्यावरून उड्या मारतो म्हणतात, आणि टायर सांगतात की स्वारी कोपऱ्यावरच्या चहापलीकडे गेलेली नाही.

त्याने भिंतीवरच्या तीन सायकली थोडक्यात समजावल्या. पहिलीचं चाक एकशेवीस मिलिमीटर खेळतं, ती हलकी, चढाची आवड असणाऱ्यांना. दुसरी दीडशेची, सगळीकडे चालणारी. तिसरी एकशेसत्तरची, खड्या उतारावर स्वतःला झोकून देणाऱ्यांची. मग ताई कशी सायकल चालवतात, असं त्याने विचारलं आणि नवऱ्याने उत्तर दिलं. चढाला वाघीण आहे, उताराला जरा कचरते, मोठी सायकल घेतली की धीर येईल.

मिस्त्रीने नवऱ्याला हँडल धरायला लावलं आणि ताईंना बूट, हेल्मेट, पाठपिशवी अशा सगळ्या सरंजामासह, बरोबर आणलेल्या जुन्या सायकलवर बसवलं. मागच्या चाकाचा दणका खाणारा हवेचा शॉक असतो, त्याच्या दांड्यावर एक रबरी कडं असतं. माणूस बसला की शॉक दबतो आणि कडं सरकतं. किती सरकलं त्यावरून हवा बरोबर आहे का ते कळतं. पंचवीस-तीस टक्के सरकायला हवं होतं. शिंपीण उतरली तेव्हा ते जेमतेम दोऱ्याएवढं हललं होतं. मिस्त्रीने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. दांड्याच्या वरच्या निम्म्या भागावर जुन्या धुळीचा थर तसाच होता, चार वर्षांत शॉक तिथपर्यंत एकदाही दबला नव्हता.

त्याने शॉकला पंप जोडला. काटा दोनशे वीसवर गेला. हवा कोण भरतं, असं त्याने विचारलं.

"मीच," नवरा म्हणाला. "दर शनिवारी, न चुकता. आधी हिची, मग माझी. दोघांना दोनशे वीस."

"आकडा कुणी सांगितला?"

"घेतली तेव्हा दुकानदाराने मला वर बसवून, तपासून सांगितला होता."

"तो तुमचा आकडा, साहेब. तुम्ही असाल नव्वद-पंच्याण्णव किलोचे. ताई पन्नास-बावन्नच्या. त्यांना एकशे वीस पुष्कळ झाले."

 दोन सख्ख्या भावांची पॅन्टसुद्धा जिने कधी एका मापावर कापली नाही, ती चार वर्षं दुसऱ्याच्या मापावर दगडधोंड्यांतून उतरत होती आणि दोष आपल्या काळजाला देत होती.

मिस्त्रीने पुढच्या-मागच्या शॉकमधली हवा कमी केली आणि तिला मागच्या अंगणात पाठवलं. तिथे दगडी पायऱ्यांचा एक छोटा उतार मुद्दाम केलेला होता. पहिल्या खेपेला ती दात आवळून दणक्याची वाट बघत उतरली, दणका आलाच नाही. दुसऱ्या खेपेला तिने डोळे पुरते उघडे ठेवले. तिसऱ्या खेपेला ब्रेक धरायचाच राहून गेला.

नवरा पायऱ्यांच्या तोंडाशी उभा होता. तो खाली आला, तिच्या कोपराकडे बघत राहिला.

"मला वाटायचं, तू भित्री आहेस," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटायचं."

तिला राग आलाच. टाक्यांचा कमी, त्या वाटण्याचा जास्त. सगळ्या जगाची मापं घेणाऱ्या बाईने स्वतःचं माप कुणाला विचारलं नव्हतं, याचा तर सगळ्यांत जास्त. पण दर शनिवारी बाह्या सरसावून आधी तिच्या सायकलीपाशी बसणारा हाच माणूस होता. तिने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला.

मग तिसरी काढू का दुसरी, असं मिस्त्रीने आतून विचारलं. नवऱ्याने या वेळी बायकोकडे बघितलं.

"आज कुठलीच नको," शिंपीण म्हणाली. "चार रविवार ह्याच सायकलवर उतरून बघते. मी कशी चालवते, ते मलाच अजून ठाऊक नाही."