तीस सेकंदांचा फोटो

धबधब्यासमोर सेल्फीवाल्यांची एवढी गर्दी होती की पाणीच दिसेना. मला नवीन कॅमेरा शिकवणारी माझी मुलगी संबोधी म्हणाली, “मम्मी, लेन्सवर ही काळी काच लाव आणि शटर तीस सेकंद उघडं ठेव. हलणारी माणसं फोटोत येतच नाहीत.”

खरंच, माणसं गायब झाली! पाणी दुधासारखं आलं. पण दगडांवरचा कचरा काही हलत नव्हता, तो सगळा जसाच्या तसा आला. वेफर्सची पाकिटं, बाटल्या, शेवेच्या थैल्या.

माझं डोकंच फिरलं. हीच माणसं आमच्या इंदूरमध्ये टॉफीचा कागदसुद्धा खिशात ठेवतात, स्वच्छतेत देशात पहिला नंबर म्हणून छाती फुगवून फिरतात. शहराच्या वेशीवरचं राऊ ओलांडलं की सगळं माफ!

“एडिटमध्ये काढून टाकू ना,” संबोधी म्हणाली.

“का म्हणून? इथून उचलायचं सोडून फोटोतून उचलायचं? राहू दे! कसले बेशरम लोक आहेत, ते दिसू दे सगळ्यांना!”

तिने स्क्रीनवर फोटो मोठा केला. अगदी पुढच्या दगडावर एक चकचकीत पाकीट होतं. त्या काळ्या काचेचं. मीच मघाशी दातांनी फाडलं होतं.

“मम्मी, हे तरी काढू?”