बाराव्या मण्याला बोट

“थकवा कधीपासून आहे, मावशी?”

“चार वर्षं झाले की,” गुरुबसप्पा म्हणाले.

“भूक लागते का?”

“लागती, पण खात न्हाई,” हेही गुरुबसप्पाच म्हणाले.

“आणि झोप?”

“झोपंचं तर इचारूच नका, डॉक्टरीनबाई. मला बघा, पाठ टेकली की खलास! तब्येत म्हंजे अशी पाहिजे. पण हिला कुणी सांगावं?”

डॉ. मनतशा शेख यांनी पेन खाली ठेवलं. नांदेडहून उदगीरजवळच्या या आरोग्य केंद्रात येऊन त्यांना आठच महिने झाले होते, पण बाईचं दुखणं इथे आधी नवऱ्याच्या तोंडून बाहेर पडतं, एवढं त्यांना कळून चुकलं होतं.

“आण्णा, तुम्ही जरा बाहेर बाकावर बसता का?”

“मी? मग हिचं सांगंल कोण?”

“त्या सांगतील.”

नर्स धुरपताबाईंनी दार उघडून धरलं. गावात पिठाची गिरणी चालवणारे, भुवयांपर्यंत पिठाने पांढरे झालेले गुरुबसप्पा नाराज होऊन बाहेर गेले. बाक करकरला.

शिवम्मांनी साडीच्या दुकानाची पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीत चार वर्षांचे कागद होते. रक्त ठीक, साखर ठीक, थायरॉईड ठीक. उदगीरच्या एका डॉक्टरांनी सुया दिल्या, दुसऱ्यांनी सलाईन लावलं, तिसऱ्यांनी “चिंता करू नका” असं लिहून दिलं, तेही इंग्रजीत. शेजारणीने दृष्ट काढली. एवढं होऊनही सकाळी पाण्याचा तांब्या दोन हातांनी उचलावा लागायचा. सगळे कागद चांगले आले की लोक पेढे वाटतात. शिवम्मांना मात्र दर वेळी मान खाली घालून परत यावं लागायचं.

“मी काय सोंग करून राहिले का, बाई?” त्या हळूच म्हणाल्या. “परवा गिरणीत उभ्या उभ्या डोळा लागला. पदर पट्ट्याजवळ गेला. मालकानं ओढलं म्हणून वाचले. आता ते मला गिरणीत येऊ देत न्हाईत. घरीच बस म्हंतेत.”

“सोंग कोण म्हणतंय? सांगा, सकाळी उठल्यावर…”

एवढ्यात भिंतीपलीकडून घोरणं सुरू झालं. साधंसुधं नव्हे. धुरपताबाईंनी टेबलावरच्या औषधाच्या बाटल्या पडू नयेत म्हणून मागे सरकवल्या. मग ते घोरणं एकदम थांबलं.

शिवम्मांचं लक्ष भिंतीकडे गेलं. पदराखालचा हात हलत होता. थोड्या वेळाने त्या उठल्या, “आले हं,” म्हणून बाहेर गेल्या आणि लगेच परत येऊन बसल्या.

“हां, काय इचारलं तुम्ही?”

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. पाच मिनिटांत शिवम्मा पुन्हा उठल्या, “आले हं.”

डॉक्टरांचा चेहरा उजळला. शिवम्मा परत आल्याबरोबर त्यांनी विचारलं, “मावशी, लघवीला वारंवार जावं लागतं?”

“न्हाई की.”

“लाजू नका. जळजळ होते?”

“कुठं?”

“बाथरूम उजव्या हाताला हाय, आक्का,” धुरपताबाईंनी माहिती पुरवली. “तुमी डावीकडं जाऊन राहिल्या.”

तिसऱ्यांदा शिवम्मा उठल्या, तेव्हा केसपेपरवर ‘लघवी तपासणी’ असं लिहून झालं होतं. या वेळी डॉक्टर त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेल्या.

बाकावर गुरुबसप्पा भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपले होते. छाती हलत होती, पण श्वासाचा आवाज नव्हता. शिवम्मा समोर उभ्या होत्या. पदराबाहेर आलेल्या रुद्राक्षमाळेचा एकेक मणी सरकत होता, ओठ हलत होते. डॉक्टरांनी नकळत घड्याळाकडे पाहिलं. वीस सेकंद झाले. चोवीस झाले. शिवम्मांनी एक बोट पुढे करून नवऱ्याच्या बरगडीत खुपसलं.

“हां! किती किलो?” गुरुबसप्पा दचकून ओरडले, मोठा श्वास घेतला आणि पुन्हा झोपले.

“चला,” शिवम्मा म्हणाल्या. “आता जरा येळ हाय.”

आत आल्यावर डॉक्टरांनी दार लावलं नाही. “मावशी, हे काय होतं?”

“काय न्हाई. दम थांबतो त्यांचा. थांबला की मी ‘नमः शिवाय’ सुरू करते. अकरा मण्यांपर्यंत वाट बघते. बाराव्याला बोट लावते.”

“अकराच का?”

“अकरा रुद्र असतेत की. आन कधी कधी ते आपणहून दम घेतेत. उगंच कशाला उठवायचं? दिवसभर पोती उचलतेत.”

“आणि हे रात्रीसुद्धा?”

“रात्रीच तर खरं. दिवसा बाकावर काय, चालतंय.”

चार वर्षांपूर्वी शिवरात्रीला मठात जागरण होतं. खांबाला टेकून बसल्या बसल्या गुरुबसप्पांना झोप लागली, आणि शेजारी जाग्या असलेल्या शिवम्मांनी तो थांबलेला दम पहिल्यांदा ऐकला. हातात माळ होतीच. त्यांनी तिथेच शंकराला शब्द दिला: यांचा दम थांबेल तेव्हा तो परत आल्याशिवाय मी डोळा मिटणार नाही. दिलेला शब्द शिवम्मा मोडत नसत. ते जागरण अजून चालू होतं.

“आण्णांना सांगितलं नाही?”

“घोरता म्हणून सांगितलं एकदा. म्हणाले, मी तर कधी ऐकलं न्हाई. दमाचं न्हाई सांगितलं. घाबरले तर झोपणार न्हाईत, मग पोती कशी उचलतील?”

डॉक्टर मनतशांनी केसपेपर बाजूला सारला. “धुरपताबाई, नवीन पेपर काढा. नाव लिहा, गुरुबसप्पा.”

“मी? पेशंट ही हाय!” आत बोलावल्यावर गुरुबसप्पांनी हरकत घेतली. रक्तदाब मोजला तर एकशे साठच्या वर निघाला. गळ्याचा घेर घ्यायचा म्हणून डॉक्टरांनी टेबलावरची पट्टी उचलली.

“ती पोरांचा दंड मोजायची, न्हाई पुरायची,” धुरपताबाई म्हणाल्या आणि गरोदर बायांचं पोट मोजायची टेप त्यांनी गुरुबसप्पांच्या गळ्याभोवती टाकली.

“हे काय करून राहिल्या? शर्ट शिवायचा हाय का?”

“गप ऱ्हावा, आण्णा. बाळाची वाढ बघून राहिलो.”

घेर साडेसतरा इंच भरला. सकाळी डोकं दुखतं का? दुखतं. दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो? लागतो, म्हणजे तब्येतच तशी आहे. डॉक्टरांनी समजावून सांगितलं: झोपेत गळा आतून मिटतो, दम अडकतो, रात्रभरात कितीदा तरी. हृदयावर ताण येतो. लातूरला झोपेची तपासणी करावी लागेल, चिठ्ठी देते. तोवर उताणं झोपायचं नाही, कुशीवर झोपायचं.

“कुणी सांगितलं दम अडकतो म्हणून?”

डॉक्टरांनी शिवम्मांकडे पाहिलं. गुरुबसप्पांनीही पाहिलं.

“रात्री बसलेली दिसली की तू तर म्हणायचीस, मच्छर चावतेत म्हणून बसले.”

शिवम्मांनी माळ पदराखाली सारली.

“रोज?” गुरुबसप्पांनी विचारलं. मग बोटं मोजून, “चार वर्षं?”

“लातूरला जाईपर्यंत रात्री कसं करायचं, बाई?” शिवम्मांनी डॉक्टरांनाच विचारलं. “मी झोपले, आन दम आलाच न्हाई तर?”

“येतो, मावशी. बहुतेक वेळा शरीर आपणहून जागं होऊन दम घेतं. तुम्ही बोट नाही लावलं तरी.”

शिवम्मांचा हात माळेवर थांबला. “म्हंजे मी उगंच…”

डॉक्टरांच्या लक्षात आलं, की आपण नको ते बोलून गेलो. पंचवीस वर्षांच्या डॉक्टरांनी ‘लघवी तपासणी’ लिहिलेला केसपेपर पुन्हा पुढे ओढला.

“उगंच कसं?” त्या म्हणाल्या. “तीन डॉक्टरांना सापडलं नाही ते तुम्ही मोजून ठेवलंत. मी तर लघवी तपासायला निघाले होते.”

शिवम्मा हसल्या, पण डोळे पुसायला पदर वर गेला.

“जरा त्या खाटेवर आडव्या व्हा. तुमचाही रक्तदाब बघते,” डॉक्टर म्हणाल्या.

“आन ह्यांच्याकडं कोण बघंल?”

“मी जागाच हाय की,” गुरुबसप्पा ओशाळून म्हणाले.

धुरपताबाई यंत्र घेऊन खाटेपाशी पोचेपर्यंत शिवम्मा झोपल्या होत्या. पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, तरी पापणी हलली नाही. डॉक्टरांनी हातानेच खूण केली, राहू द्या.

बाहेरची ओपीडी संपली. गुरुबसप्पा खाटेच्या पायथ्याशी उभेच होते. मध्येच त्यांची मान पुढे पडायची, की ते दचकून ताठ व्हायचे आणि खाटेच्या लोखंडी दांडीला घट्ट धरायचे. धुरपताबाईंनी स्टूल आणून ठेवलं.

“बसा की, आण्णा. तास झाला.”

“नको,” गुरुबसप्पा कुजबुजले. त्यांना कुजबुजताना गावात कुणी ऐकलं नव्हतं. “बसलो की डोळा लागतो. माझा डोळा लागला की ही उठती.”

धुरपताबाईंनी स्टूल उचललं, फरशीवर घासू न देता बाहेर नेलं.

दीडच्या सुमाराला झाडणारी बाई आली. कोपऱ्यापासून झाडत झाडत ती खाटेपाशी पोचली आणि केरसुणी थांबवून गुरुबसप्पांकडे बघू लागली. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मग दांडीला धरून त्यांनी एक पाय उचलला. तिने त्याखालचं झाडून घेतलं. तो टेकवून त्यांनी दुसरा उचलला.