सव्वाचारचा काटा

मी मीटर बोलतोय. विजेचा नव्हे, पाण्याचाही नव्हे. हवेतून जाणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी मोजणारा, तळहाताएवढा, काळा, एका काट्याचा मीटर. मोबाइल, टॉवर, वायफाय यांतून जे सुटतं ते जवळ आलं की माझा काटा वर जातो आणि मी बारीक करकरतो. त्याने माणसाला काय होतं, हे मला विचारू नका. मी लहरी मोजतो, आजार मोजत नाही.

कारखान्यात मला तपासलं ते पत्र्याने मढवलेल्या एका खोलीत. बाहेरचं काहीच तिथे येत नसे. तिथून निघालो आणि कळलं, तुमच्या रिकाम्या खोल्यासुद्धा किती गजबजलेल्या असतात.

मला विकत घेतलं एका घड्याळजीने. त्याची एकुलती एक लेक डोक्याच्या दुखण्याने सात महिने अंथरुणावर होती. एकोणिसाव्या वर्षी गेली. "का?" असं त्याने विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कारण सांगता येत नाही." जन्मभर घड्याळं उघडून कारण शोधणाऱ्या माणसाला हे उत्तर पचेना. लेकीच्या खिडकीसमोर, पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर, मोबाइलचा टॉवर होता. त्याची नजर तिथे गेली ती परत आलीच नाही.

घरातला वायफाय त्याने उपटून टाकला, स्वतःचा मोबाइल देऊन टाकला. बायकोला म्हणाला, "तुझा फोन गॅलरीत राहील. आत आणायचा नाही." तिने फोन गॅलरीत नेऊन ठेवला.

मग तो मला घेऊन घरोघर हिंडला. माणसं मला काय काय विचारायची! वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गुडघा पुढे केला. "इथे काही दाखवतंय का रे? चालताना कटकट वाजतो." तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, "आमच्या हिच्याजवळ धरा, घड्याळजी. काटा मोडून पडेल." आतून आवाज आला, "आधी स्वतःच्या डोक्याजवळ धरून घ्या. हलायचाच नाही." सगळे हसले. घड्याळजी वहीत आकडा लिहीत होता.

लेकीची खोली बंद असे. पलंगावर ताणलेली चादर, खुंटीला तिची पिशवी. तिथे माझा काटा दिवसभर जेमतेम हलायचा. पण रोज दुपारी सव्वाचारला तो एकदम वर उडायचा. मी दोन-तीनदा करकरायचो, आणि पुन्हा सगळं शांत. खोलीत कुणी नाही. खिडकी बंद. सव्वाचारला लेक कॉलेजातून घरी यायला निघत असे.

घड्याळजीच्या हातावर काटा आलेला मी पाहिला.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "रोज याच वेळी! टॉवरवाले याच वेळी काहीतरी सोडतात."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ठेवा ना हो ते आता," एवढंच ती म्हणाली.

"ठेवू कसं? पुरावा आहे हा."

रविवारी सगळे शेजारी जमणार होते. या खोलीतला आकडा घालून टॉवर हटवण्याचा अर्ज जायचा होता. शनिवारी शेवटची खात्री करायला तो मला घेऊन आला. एरवी तो मला खिडकीकडे तोंड करून धरायचा. त्या दिवशी काटा उडाला तसा त्याने मला खोलीभर फिरवलं. खिडकीजवळ मी मंदावलो. कपाटाजवळ किंचाळलो.

त्याने कपाट उघडलं. घडी केलेल्या कपड्यांखाली, चार्जरला लावलेला, लेकीचा फोन. पडदा उजळलेला. 'निघालीस का?' त्याच्या वर कालचं, 'निघालीस का?' त्याच्या वर परवाचं. तो वर वर सरकवत गेला. अकरा महिने.

दारात बायको उभी होती.

"गॅलरीतून पाठवते मी. मेसेजखाली दोन खुणा येतात. म्हणजे पोचतं."

"कुणाला पोचतं गं?"

"ते नका विचारू. फक्त बंद करू नका. ज्या दिवशी एकच खूण येईल ना, त्या दिवशी मला ती नाही हे मानावं लागेल."

त्याचा अंगठा फोनच्या बटणावर होता. बराच वेळ होता. मग त्याने फोन पुन्हा कपड्यांखाली ठेवला आणि घडी नीट केली.

रविवारी शिंपी म्हणाला, "तुमचाच आकडा मोठा, घड्याळजी. त्याच्याशिवाय अर्जात दम नाही."

"तो धरू नका. माझ्याच घरातल्या फोनचा होता."

"मग टॉवरचं काय?" काकूंनी विचारलं. "बरा की वाईट?"

"मला माहीत नाही, काकू," तो म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

त्यानंतर रोज सव्वाचारला ती गॅलरीत जायची आणि तो मला मांडीवर घेऊन लेकीच्या पलंगावर बसायचा.

"पोचलं का हो?"

"पोचलं."

मग एके दिवशी काटा हललाच नाही. लेकीच्या नंबरचा रिचार्ज तिला वाटलं याने केला, त्याला वाटलं तिने केला. विचारायचं दोघांनीही टाळलं होतं. नंबर कायमचा बंद झाला.

"पोचलं ना हो?" गॅलरीतून आवाज आला. तिला एकच खूण दिसली असणार.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "पोचलं."

असे पाच-सहा महिने गेले. मी मांडीवर निपचित, आणि माझ्या वतीने तो बोलायचा.

परवा सव्वाचारला ती गॅलरीतून धावत आत आली. फोन हातातच.

"अहो, दोन खुणा! आज खरंच दोन!"

त्याने मला पाहिलं. मी हललो नव्हतो. कपाट उघडलं. फोनचा पडदा काळा होता. तो नंबर आता दुसऱ्या कुणाला दिला गेला असेल, हे त्याला समजलं. त्याने कपडे पुन्हा फोनवर ओढले.

"हो," तो म्हणाला. "पोचलं."

मी या खोलीपुरतं सांगू शकतो: इथे पोचलं नाही. पण कुठेतरी पोचलं.

म्हणून ही विनवणी. तुमच्यापैकी कुणी नवा नंबर घेतला असेल, आणि दुपारी सव्वाचारला अनोळखी बाईचं 'निघालीस का?' असं आलं, तर तिला ब्लॉक करू नका. आणि तुमच्या पाया पडतो, 'हो, निघाले' असं चुकूनही लिहू नका. ती दार उघडून उभी राहील.