तिसऱ्या दाराचा पहारेकरी

पहारेकरी थांबला.

थांबायला नको होतं. तिने बटणांवरचे अंगठे उचलले आणि श्वास रोखून धरला, जणू पडद्यातल्या माणसाला इकडचा श्वास ऐकू गेला असता. पडद्यावर किल्ल्याचं तिसरं दार होतं, दाराच्या उजवीकडे भिंतीत एक खोबण, आणि त्या खोबणीत तिचा निन्जा पाठ टेकून उभा. खोबणीत उजेड शून्य. अगदी आकड्यातला शून्य. पडद्याच्या कोपऱ्यात तो लिहिलेलाच होता. नियमाप्रमाणे त्या काळोखातल्या माणसासमोरून अख्खी पलटण गेली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण हातात कंदील घेतलेला तो पहारेकरी चालता चालता थांबला, त्याने मान वळवली आणि तो सरळ खोबणीत बघत राहिला. एक, दोन, तीन, चार. मग मान सरळ करून निघून गेला.

त्याने ओरडून कुणाला बोलावलं नाही. तलवार उपसली नाही. फक्त बघितलं.

"चष्मेवाले," ती शेजारच्या टेबलाकडे न बघताच म्हणाली, "जरा इकडे ये गं."

चष्मेवाली खुर्ची सरकवतच आली. तपासणीच्या खोलीत दुपारी दोनलाही काळे पडदे ओढलेले असत, त्यामुळे तिचा चष्मा तेवढा आधी दिसला. तिने तोच खेळ पुन्हा लावला, त्याच खोबणीत निन्जा उभा केला. पहारेकरी आला आणि कंदील हलवत सरळ पुढे गेला. दुसऱ्यांदाही गेला.

"छे! माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही मेला," चष्मेवाली म्हणाली. "ताई, तुम्ही सकाळपासून जागच्या उठलेल्या नाही आहात. चहा घ्या आधी."

तिने निन्जाला पुन्हा खोबणीत उभं केलं.

या मालिकेचे चार भाग तिच्या हाताखालून गेले होते. जुन्या काळचा जपान, सरदारांचे किल्ले आणि त्यांत चोरपावलांनी शिरणारा एक निन्जा. मारामारी करण्यापेक्षा दिसायचं नाही, यातच सगळा खेळ. आता पहिलाच भाग नव्याने रंगरंगोटी करून निघायचा होता. लोकांना वाटे, दिवसभर खेळायचे पैसे मिळतात म्हणजे मजाच आहे. प्रत्यक्षात बारा वर्षं ती अंधारात उभी राहत आली होती. पहारेकऱ्याला बारा मीटरपर्यंत दिसतं की साडेबारा, पायाखाली कोरडं पान आलं तर किती लांब ऐकू जातं, हे मोजायचं आणि वहीत मांडायचं. खोलीत तिचा एक नियम होता: एकदा घडलं तर भास, दोनदा घडलं तर योगायोग, तीनदा घडवून दाखवता आलं तरच दोष.

तिला त्या दिवशी ते तीनदा घडवून दाखवता आलं नाही. पण वहीत नोंद न करण्याचं कारण तेवढंच नव्हतं.

त्या पहारेकऱ्याला चेहरा नव्हता. शिरस्त्राणाखाली नुसता काळोख. पण डावा पाय तो किंचित बाहेर टाकायचा आणि दर वेळी गुडघ्यात एक बारीक हिसका बसायचा. ती चाल तिच्या बाबांची होती.

बाबा याच इमारतीच्या फाटकावर पहारा करत. पहिल्या भागाच्या वेळी कंपनीकडे नट आणायची ऐपत नव्हती. पहारेकरी हवाय ना, मग आपल्या दारात आहेच की एक, असं कुणीतरी हसत हसत म्हणालं. मग बाबांना काळा, अंगाला चिकटणारा पोशाख चढवला, त्यावर पांढरे ठिपके चिकटवले आणि मोठ्या हॉलमध्ये चालायला लावलं. कॅमेऱ्यांनी फक्त ठिपके टिपले. ठिपक्यांवरून चाल घेतली आणि त्या चालीवर जपानी चिलखत चढवलं. बाबा घरी येऊन म्हणाले होते, "आयुष्यभर फाटकावर येरझाऱ्या घातल्या, पण आज पहिल्यांदा कुणी वाहवा केली." त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. किल्ल्यात ते अजून चालत होते.

"अजून दाखवतात का त्यांना तुमच्या त्या खेळात?" संध्याकाळी घड्या घालता घालता आईने विचारलं. आईने तो खेळ कधीच पाहिला नव्हता.

"हो. तिसऱ्या दाराशी."

"मेलेल्या माणसाला असं चालत ठेवू नये गं."

"आई, ते बाबा थोडेच आहेत. नुसती चाल आहे."

"मग झालं तर." आईने चादरीची टोकं जुळवली. थोड्या वेळाने म्हणाली, "डावा पाय तसाच टाकतात?"

"तसाच."

"किती वेळा म्हटलं, दाखवून घ्या गुडघा," आई म्हणाली आणि चादर घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती पद्धतशीर बसली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. आधी वारा बदलून पाहिला, मग निन्जाचा पोशाख, मग चंद्राची जागा. पहारेकरी सरळ जात राहिला. जेवणाच्या सुट्टीनंतर तिने काहीच बदलायचं नाही असं ठरवलं. नुसती खोबणीत उभी राहिली आणि घड्याळ लावलं. चाळीस सेकंद गेले. एक्केचाळिसाव्या सेकंदाला तो थांबला आणि त्याने बघितलं.

पुन्हा केलं. एक्केचाळीस. पुन्हा. एक्केचाळीस.

चष्मेवाली किंवा कुठलाही खेळणारा तिथे दहा-पंधरा सेकंदांपलीकडे थांबत नसे; वाट मोकळी दिसली की निघे. इतका वेळ न हलता उभं राहणारी ती एकटीच.

दोष शोधला की कारण शोधायचं, ही सवय तिला विज्ञान शिकताना लागली होती. ती तळमजल्यावर गेली. हालचाली टिपणारे जुने गृहस्थ अजून तिथेच होते. सगळे त्यांना ठिपकेवाले काका म्हणत.

"चाळीस सेकंद ना? बरोबर आहे," काका म्हणाले. "एवढा वेळ कुणी हललं नाही, तर पहारेकऱ्याची चाल थोडी बदलायची असं या नव्या प्रतीत ठेवलंय आम्ही. नाहीतर बाहुलं वाटतं. मग मशीन जुन्या टिपणांच्या पेटाऱ्यातला चालीचा दुसरा तुकडा उचलतं."

"त्या तुकड्यात मान वळवलेली आहे, काका."

"असेल. कापायची राहिली असेल. थांब, बघू."

त्यांनी मूळ टिपण काढलं. काळ्या पडद्यावर चाळीसएक पांढरे ठिपके, माणसाच्या आकाराचे, डावा पाय बाहेर टाकत चालले होते. मध्येच ते थांबले. वरचे चार ठिपके उजवीकडे वळले. किल्ल्याशिवाय, चिलखताशिवाय ते आणखी भयंकर दिसत होतं. नुसता अंधार कुणाकडे तरी बघत होता.

"उजवीकडे काय होतं?" तिने विचारलं.

काका तिच्याकडे बघत राहिले. "पोरी, तू होतीस की. दाराजवळच्या खुर्चीत. त्यांचा डबा घेऊन आली होतीस. मांडीवर फाइल होती, मान खाली. दहा वेळा सांगितलं होतं मी, चालताना मान वळवायची नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, माफ करा, पोरीची मुलाखत होती आज, तोंड बघूनच कळलं."

तिला ती खुर्ची आठवली. फाइल आठवली. प्रयोगशाळेतली नोकरी मिळाली नव्हती आणि हे बाबांना कसं सांगायचं याची वाक्यं ती फाइलच्या पुठ्ठ्याकडे बघत जुळवत होती. घरी जाताना बाबांनी काही विचारलंच नव्हतं. तेव्हा तिला वाटलं होतं, विसरले.

"कापून टाकू?" काकांनी विचारलं.

"नको. थांबा."

चार दिवस तिने नोंद केली नाही. रोज दुपारी ती तिसऱ्या दाराशी जाऊन उभी राहायची आणि चाळीसपर्यंत मोजायची. काळ्या शिरस्त्राणातून तिच्यावर रोखलेली ती नजर आता कशाची आहे हे माहीत होतं, तरी एक्केचाळिसाव्या सेकंदाला अंगावर शहारा यायचाच. नोंद केली तर तो तुकडा कापला जाणार. नाही केली, तर बारा वर्षांत पहिल्यांदाच ती ठाऊक असलेला दोष लपवणार. पाचव्या दिवशी वही पूर्ण करून द्यायची होती. तिने पेन उचललं आणि लिहिलं: तिसरं दार, उजवी खोबण, उजेड शून्य. चाळीस सेकंद स्थिर राहावे. पहारेकरी थांबून चार सेकंद पाहतो. तीनदा पडताळले.

कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं: मूळ टिपणातील न कापलेला भाग.

तासाभरात खेळाच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी बोलावलं. मॅडम नवीन होत्या, तिच्याहून वयाने लहान, आणि या इमारतीचं फाटक पूर्वी कोण राखत होतं हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"ताई, बसा. काय शोधलंत हो तुम्ही! मी स्वतः उभी राहून पाहिलं. हातातली बाटलीच पडली माझ्या."

"काढून टाकायला सोपं आहे, मॅडम. काकांना एक दिवस पुरेल."

"काढायचं? वेड्या आहात का? ओरडत नाही, पकडत नाही, नुसता बघतो. असलं काही पैसे देऊन सुचत नाही. हे ठेवायचं. आणि चाळीस सेकंद कोण थांबतंय? सहावर आणू. सगळ्या दारांना लावू. प्रत्येकाला दिसलं पाहिजे."

ती खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. सांगावं का, असं वाटलं. सांगून काय होणार होतं? ते माझे बाबा आहेत, असं म्हटलं असतं, तर मॅडमनी हळहळून ते काढूनच टाकलं असतं.

"ताई? काही अडचण?"

"चार सेकंदच ठेवा," ती म्हणाली. "कमी-जास्त करू नका."

"ठीक. तुम्ही म्हणाल तसं."

पुढच्या सोमवारी नवी प्रत तपासायला आली. दहा दारं, दहा यंत्रं एका रांगेत लावलेली, प्रत्येक पडद्यावर अंधारात दबा धरून बसलेला एक निन्जा. नऊ खुर्च्या रिकाम्याच होत्या, कारण बटण दाबायचंच नव्हतं. दहावीवर तिने चष्मेवालीला बसवलं होतं. स्वतः एकेक खेळ सुरू करत ती घड्याळ हातात घेऊन रांगेमागून चालू लागली.

पहिला पहारेकरी थांबला, त्याने मान वळवली. मग दुसरा. मग तिसरा. सगळ्यांचा डावा पाय बाहेर, सगळ्यांच्या गुडघ्यात तोच हिसका. रिकाम्या खुर्च्यांवरून ती नजर एकामागून एक फिरत गेली. प्रत्येकाचे चार सेकंद भरले की ती कागदावर खूण करत होती.

दहाव्या यंत्राशी चष्मेवालीने खुर्ची झटकन मागे सारली.

"ताई, हा आता माझ्याकडेसुद्धा बघतोय हो. सांगा ना, कुणाला शोधतोय हा?"

तिने घड्याळ थांबवलं. चार.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि दहाव्या ओळीपुढे खूण केली. "बघू दे त्याला. हलू नकोस."