मशिदीच्या नऊ फेऱ्या

“मागची सीट रिकामी असेल तर भाडं घ्यायचं नाही, वार्सी.”

मला दुचाकी शिकवताना आमच्या ह्यांनी गिअरच्याही आधी हे सांगितलं होतं. आयुष्यभर त्यांनी जावा बेटावरच्या आमच्या सोलो शहरात दुचाकीवरून माणसं वाहिली. मला तेव्हा हसू आलं. रिकाम्या सीटचं भाडं देणार तरी कोण? ते गेले, त्यांची गाडी मी हातात घेतली, आणि सहा वर्षांनी कळलं की देणारी एक कंपनी आहे.

कंपनी फोनवर गिऱ्हाईक पाठवते. संध्याकाळी साडेपाचच्या आत वीस फेऱ्या झाल्या की वर बोनस. माझी गाडी चौदाच्या पुढे कधी गेली नाही. सकाळची जादा नमाज मी सोडत नाही, दुपारची आणि तिसऱ्या प्रहरची तर नाहीच, आणि सोमवार-गुरुवारचे रोजे लग्नाआधीपासूनचे. आमच्या थांब्यावरचा तुगिमान म्हणायचा, “बू वार्सी, तुमचा बोनस वर जमा होतोय. खाली काही यायचा नाही.”

इकडे बाईला मानानं ‘बू’ म्हणतात. मी हसून मान खाली घालायची. मनातून मात्र तो बोनस मला खालीच हवा होता. आमच्या कुराणवाचनाच्या बायकांची बस संतांच्या कबरींच्या दर्शनाला निघणार होती आणि सीटचे पैसे शुक्रवारपर्यंत भरायचे होते. पुण्य कमवायला पैसे कमी पडत होते, एवढंच.

त्या गुरुवारी दीड वाजता माझ्या अकरा फेऱ्या झाल्या होत्या.

“नऊ राहिल्या ना? मग गिऱ्हाईक तयार करा,” तुगिमान म्हणाला. “सगळेच करतात. तो पारमिन बघा, झाडाखाली झोपलाय आणि नकाशावर त्याची गाडी विमानतळावर पोचलीय. फोनमध्ये तुयुल बसवलाय त्यानं.”

तुयुल म्हणजे घरात पाळलेलं चोरटं भूत, शेजाऱ्यांचे पैसे पळवून आणणारं. गाडी भलतीकडेच दाखवणाऱ्या ॲपलाही थांब्यावर तेच नाव होतं. मी कानांवर हात ठेवले. रोज्याच्या दिवशी असलं काही? छे. मी माझ्यासाठी जरा सोवळी चोरी शोधून काढली. गाडी खरी धावेल, रस्ता खरा असेल, पेट्रोल खरं जळेल. फक्त मागे माणूस नसेल.

गिऱ्हाईक म्हणून माझी गाडी मागवायला फोन मात्र दुसऱ्याचा हवा. माझ्या शेजारी म्बाह सारपिनी राहते. ‘म्बाह’ म्हणजे आजीच. एके काळी सगळ्या वस्तीची अंगं रगडून द्यायची, आता तिचेच गुडघे गेलेत. तीन वर्षांत ती गल्लीबाहेर पडलेली नाही. तैवानला कामाला गेलेल्या नातीनं तिला भारी फोन पाठवलाय.

“मला कुठं नेणार आहेस?” तिनं विचारलं.

“कुठंच नाही, म्बाह. तुम्ही इथंच बसा.”

“मग मी गेले असं कोण म्हणणार?”

“फोन.”

“बरा आहे की फोन. माझ्यापेक्षा त्याचे गुडघे चांगले.”

कुठे जायचं ते मीच टाकलं: आमची मशीद. जवळ होती हे एक. आणि खोटं बोलायचंच तर ते निदान चांगल्या ठिकाणी जावं, असंही वाटलं.

इथेच माझं गणित फसलं. मशिदीत पाऊल टाकलं की बसण्याआधी दोन रकात नमाज पढायची, हा माझा लहानपणापासूनचा नेम. फाटकावरून गाडी वळवून परत येता आलं असतं. तुगिमानही तेच म्हणाला असता. पण अल्लाच्या दारापर्यंत जायचं आणि रोज्याच्या दिवशी तोंड फिरवायचं? मला ते जमेना. त्यामुळे कंपनीला नऊ वेळा फसवताना मी नऊ वेळा गाडी स्टँडला लावली, नऊ वेळा चपला काढल्या आणि अठरा रकात पढले. तेवढ्या वेळात खरी गिऱ्हाइकं मिळाली असती. एवढ्या कष्टाची लबाडी सोलोत दुसऱ्या कुणी केली नसेल.

मशिदीचे राखणदार माझ्याकडे वाढत्या आदरानं बघत होते. सातव्या फेरीला ते हळूच जवळ आले. “घरी सगळं ठीक आहे ना, बू?”

साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना बोनस आला. मावळतीची बांग झाल्यावर मी गोड चहावर रोजा सोडला आणि, तोबा, अल्लाचे आभारसुद्धा मानले. दुसऱ्या दिवशी बसचे पैसे भरले.

शनिवारी खातं बंद. सोमवारी प्रवाशाला घेऊन कार्यालयात या, असा निरोप होता. त्या खात्यावर माझी चूल पेटते. ते गेलं तर ह्या वयात मला दुसरं काम कोण देणार? मी म्बाहच्या पायाशी बसून रडले.

“रडतेस काय? मी सांगते त्यांना, गेले होते म्हणून,” ती म्हणाली. सोमवारी ठेवणीतला कबाया घालून, पावडर लावून, ती तुगिमाननं आणलेल्या सायकलरिक्षात चढली. वाटेत प्रत्येक दुकान पाहत होती. मी मागून गाडी हळूहळू चालवत होते, तोंडानं तस्बीह, अल्लाच्या नावाचा जप.

कार्यालयातले दानांग साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. अगदी नम्र.

“बू, ह्या आजी गुरुवारी चार तासांत नऊ वेळा मशिदीत गेल्या. नमाज तर दिवसाला पाच.”

“माझ्या वयाला पाच पुरत नाहीत, बाळा,” म्बाह म्हणाली. “पापं जुनी आहेत.”

“पण एकदाही परत आल्या नाहीत.”

मी जमिनीकडे बघितलं. परतीच्या फेऱ्या दाखवायचं मला सुचलंच नव्हतं.

“परत चालत यायचे,” म्बाह म्हणाली. “येताना उतार आहे.”

“मशिदीचं फाटक कुठल्या रंगाचं आहे, आजी?”

“मोतीबिंदूच्या रंगाचं. मला सगळीच फाटकं त्या रंगाची दिसतात.”

साहेबांना हसू आवरेना. त्यांनी कागद पुढे ओढला, पेन उघडलं. आम्ही सुटलोच होतो. पण म्बाहला राहवेना. “आणि ही वार्सी खोटं बोलायची नाही हो! सोमवार-गुरुवार रोजा धरते. आजही आहे. विचारा तिलाच!”

“मग बू, तुम्हीच एकदा सांगून टाका म्हणजे झालं.”

धाडस वगैरे काही नाही. माझं तोंड कोरडं पडलं होतं आणि ते का कोरडं आहे ते मला आठवलं, इतकंच. “सीट रिकामी होती, साहेब,” मी म्हणाले.

त्यांनी पेन मिटून ठेवलं. मग बोनस परत घेतला, पंधरा दिवस खातं बंद ठेवलं. पुन्हा असं झालं तर कायमचं. बोनस भरून द्यायला बसचे पैसे परत घ्यावे लागले; माझी सीट त्यातच गेली.

बाहेर आल्यावर म्बाह माझ्यावर तुटून पडली. “मेले, गाडी पार दारात आणली होती मी, आणि तू उंबऱ्यावर उलटवलीस! माझं खोटंही फुकट घालवलंस!”

“माफ करा, म्बाह.”

“माफी नको. नऊ वेळा मला मशिदीत नेलंस म्हणे. मला तर फाटकाला आता कुठला रंग आहे तेसुद्धा माहीत नाही.”

ती थट्टेनंच बोलली, पण मला पुढे पाऊल टाकवेना. गुरुवारी नऊ वेळा मी तिच्या दारावरून तिचं नाव घेऊन गेले होते, मागची सीट रिकामी ठेवून. त्याआधी तीन वर्षं रोज तशीच जात होते. एकदाही मला विचारावंसं वाटलं नव्हतं.

“मी नेते तुम्हाला,” मी म्हणाले. “नऊही वेळा. उद्यापासून. इन्शा...”

“ते म्हणू नकोस! ते म्हटलं की तू येत नाहीस.”

मी ते मनातच म्हटलं.

मंगळवारी पहाटेची बांग व्हायच्या आत उठले. कंपनीचं जाकीट खुंटीवरच ठेवलं, फोन फडताळात. मागच्या सीटवर तिच्या गुडघ्यांसाठी उशी बांधली, ह्यांचं हेल्मेट पुसून हँडलला अडकवलं. मग इंजिन सुरू न करता, गल्लीची झोप मोडू नये म्हणून, गाडी हातानं ढकलत म्बाहच्या दाराकडे निघाले.