अबोल्यातलं ब्रेक ऑइल

आमचा अबोला आठवडाभर चालला होता. त्याचं झालं असं, की सिंहगड रस्त्यावर गाडी मी चालवत होते आणि आमचे दिगंबरराव शेजारच्या सीटवर बसून रिकाम्या जागी पायाने ब्रेक दाबत होते. प्रत्येक सिग्नलला! धायरी फाट्यावर मी गाडी कडेला घेतली, किल्ली नवऱ्याच्या हातात दिली आणि रिक्षाने घरी आले. तेव्हापासून आधी कोण बोलणार, एवढाच प्रश्न होता. माझ्या तर पोटात बोलणं मावत नव्हतं, पण माघार कोण घेणार?

रविवारी ते पाना घेऊन गाडीपाशी गेले आणि गाडीलाच म्हणाले, "तुझं ब्रेक ऑइल काळं पडलंय. हवेतला ओलावा ओढून घेतं ते. मग घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली बसतं. बदलायला हवं. आत बसून पेडल दाबायला कुणी असेल तर!"

मी मुकाट्याने आत जाऊन बसले.

"एक ठोका, दाबून धरायचं. दोन ठोके, सोडायचं." हेसुद्धा गाडीलाच.

ठक. मी दाबलं. मागच्या चाकाशी बसून त्यांनी बोल्ट सैल केला, जुनं ऑइल नळीतून बाटलीत उतरलं, बोल्ट आवळला. ठक ठक. मी सोडलं. मध्येच उठून ते बॉनेटखाली नवं ऑइल ओतत होते. छान चाललं होतं.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या मंदाकिनीताईंनी खलबत्त्यात दाणे कुटायला घेतले. ठक ठक. मी पाय उचलला.

"अगं उल्का, सोडू नकोस! बोल्ट उघडा आहे! शिरली ना हवा आत!"

मी टाळ्याच पिटल्या. "बोललात! आधी तुम्ही बोललात!"

चाकामागून डोकं वर आलं. "आणीबाणीतलं धरत नाहीत."

"धरतात!"

मला हसू आवरेना. मग त्यांनाही.

हवा काढायची म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. आता ठोके बंद.

"दाबलंस?"

"दाबलं, अहो."

"सोड."

"सोडलं!"

हळूहळू बुडबुडे थांबले, नळीतून स्वच्छ ऑइल येऊ लागलं. माझ्या पायाखाली पेडल चांगलं घट्ट झालं. काम संपलं होतं, आणि मला तर ते संपायलाच नको होतं.

"अजून जरा मऊ लागतंय," मी म्हणाले.

"हो, मलाही तसंच वाटतंय," पार मागच्या चाकाशी बसलेले दिगंबरराव म्हणाले आणि त्यांनी नव्या ऑइलच्या दुसऱ्या बाटलीचं सील तोडलं.