आवाज आधीच कमी झाला

रिमोटवरचं आवाज कमी करायचं बटण झिजून गुळगुळीत झालं होतं, त्यावरची वजाची खूण कधीच पुसली गेली होती — आणि चहा निवत असताना ती त्यावर नुसता अंगठा ठेवून बसली होती. काल संध्याकाळी नवऱ्याचा अंगठा इथेच होता. टीव्हीवरच्या मालिकेत, अंतराळयानात सगळं शांत, वैमानिक बाई एकटीच बोळातून चाललेली, संगीतसुद्धा नाही... आणि त्याने आवाज कमी केला. मग स्फोट झाला. तेव्हा तिला काहीच वाटलं नाही, उलट कानठळ्या बसल्या नाहीत म्हणून बरंच वाटलं. मनात पाल चुकचुकली ती आज सकाळी, दात घासताना.

मालिकेच्या नव्या हंगामाचे सगळे भाग एकाच दिवशी आले होते, पण त्यांचा करार होता — रोज संध्याकाळी एकच भाग, दोघांनी मिळून, कुणी पुढे जायचं नाही. लग्नातलं एकही वचन धड आठवत नाही पण हे मात्र आम्ही पाळतो, असं ती हसत सांगायची. आणि भाग संपला की अंदाज! ती बाई रिकाम्या खोलीत शिरण्याआधी दार का ठोठावते, आत चिटपाखरूही नाही हे ठाऊक असताना? मालिकेने कधी सांगितलं नाही, आणि जगभरच्या प्रेक्षकांनी त्यावर पानंच्या पानं लिहून काढली होती. तिचे अंदाज जपून केलेले, त्याचे अचाट. "कप्तान यंत्रमानव आहे, बघच तू, तो कधी जेवतच नाही," असं त्याने एकदा छातीठोकपणे सांगितलं आणि पुढच्याच भागात कप्तान वाडगाभर काहीतरी ओरपत बसला होता. पोट दुखेस्तोवर हसले होते दोघं. खरं तर त्याच्या ह्या चुकण्यावरच तिचा जीव होता.

ह्या हंगामात तो चुकेनासा झाला. "त्या कुलूपबंद दाराआड तिचीच लहानपणची खोली असणार, पिवळ्या पडद्यांची," तो म्हणाला — आणि होती, पिवळ्या पडद्यांची! तिने टाळ्या वाजवल्या. दुकानात सगळ्यांना सांगितलं, आमच्याकडे ज्योतिषी बसलाय म्हणून... मूर्ख, मूर्ख बाई.

चष्म्याच्या त्या दुकानात ती डोळे तपासायची. आज पहिलेच आले ते एक निवृत्त बसचालक. शेवटची ओळ वाचा म्हटल्यावर त्यांनी ती घडाघडा म्हणून दाखवली.

"आजोबा, पाठ करून आलात ना?"

"छे गं पोरी, लख्ख दिसतंय मला."

तिने फलक बदलला, तेव्हाही त्यांनी तीच ओळ म्हणून दाखवली. पाहणारा माणूस अडखळतो, डोळे बारीक करतो, चुकतो, पुन्हा सांगतो. पाठ असलेला नुसता म्हणत सुटतो. इतकी वर्षं हेच तर ओळखत आलो आपण — आणि घरी? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एकट्याने पाहिलं असतं तर तो बोलून गेला असता, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि पडदे! स्वतःच्या घरातल्या पडद्यांचा रंग ज्याला सांगता यायचा नाही, त्याला ते पिवळे कुठून दिसले? कुणीतरी दाखवले असणार. शेजारी बसून, बोट करून — ते पडदे बघ ना, किती छान... कुणी? त्या वाक्याला ती आवाज लावून पाहत राहिली, दुपारभर, ओळखीच्या एकेका बाईचा.

संध्याकाळी शेवटचा भाग. ती पडद्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त पाहत होती. वैमानिक बाई अजून हसत होती, यानाला काहीही झालेलं नव्हतं, आणि त्याचे डोळे भरून आले होते. त्याचा हात हळूच तिच्या हातावर आला — सावरायला. मग यान तुटलं. किती प्रेमळ हात! आणि केवढा राग आला तिला त्या हाताचा. त्याचं पहिलं रडू कुणाच्या तरी शेजारी सांडून गेलं होतं; तिच्या वाट्याला आलं ते उरलेलं.

"तू हे आधी पाहिलंयस?"

"नाही गं. कधी पाहणार?"

"कुणाबरोबर?"

"काहीतरीच काय, डॉक्टरीणबाई! चहा टाकू?"

लगेच. एकही शब्द न अडखळता. भांडायला तिच्याकडे होतं काय — एक अंगठा आणि दोन पडदे. तिने मान हलवली, आणि तो चहा घेऊन आला.

"पण दार ठोठावण्याचं शेवटपर्यंत सांगितलं नाहीच की त्यांनी," तो म्हणाला. हे त्यालाही ठाऊक असणं शक्य नव्हतं, कुणालाच नव्हतं. ती श्वास रोखून बसली. त्याने डोळे बारीक केले, सुरुवात केली, थांबला, पुन्हा केली. "मला वाटतं... आत उंदीर असतील. बिचाऱ्यांना पळायला वेळ नको?"

ती हसली. हसायचं नव्हतं, पण आलंच — तोच जुना, अचाट, हक्काचा वेडेपणा परत आला होता, आणि क्षणभर तिला वाटलं, सगळे आपल्याच मनाचे खेळ.

"बघ, तूपण हसलीस," तो खूश होऊन म्हणाला.

तूपण. आणखी कोण हसलं होतं? तो स्वतः तर हसत होता. तेवढ्यापुरतंच असेल ते 'पण'... असेलही. ती हसतच राहिली, थांबली असती तर का थांबलीस ते सांगावं लागलं असतं. आणि ह्या हसण्यात आपण पहिली की दुसरी, हे मात्र तिला आता काही केल्या सांगता आलं नसतं.